नव्व्याण्णव गिअरचे मामा

वाशिमहून रिसोडकडे निघालेली गाडी रिठदला थांबली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मामांच्या बोळात शिरलो आणि कानावर घरघर आली. वाटलं, मामांनी घरगुती पिठाची गिरणी घेतली. काही ना काही घेतलं नाही असा मामांचा महिना जात नाही, म्हणून मी बेसावधपणे दार ढकललं. बैठकीत पिठाचा कणही नव्हता. मधोमध मामा उभे होते. अंगात बंडी, खाली पायजमा, गुडघे जरासे वाकलेले आणि दोन्ही हात पुढे, स्टिअरिंग धरल्यासारखे. आणि मामा पुसट दिसत होते. मी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. भिंत नीट दिसली, कॅलेंडर नीट दिसलं, मामा मात्र पुसटच. डोक्यावरची टोपी सुतासुतानं सरकत भुवयांवर आली होती. फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते.

"या-या-या भा-भा-भाचे," मामा म्हणाले. "ब-ब-बसा. दो-दो-दोन मिन्टं रा-रा-राह्यले."

दोन मिनिटांनी घरघर थांबली आणि मामा स्पष्ट झाले. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मामांनी ती सोडलेली नाही. ते वाकले आणि त्यांचा हात माझ्या पावलाला लागला. सायलेंटवर ठेवलेला मोबाईल वाजावा तसा तो हात अजून थरथरत होता.

"पोट्ट्यानं पाठवलं पुण्याहून," मामांनी खाली बोट दाखवलं.

जेवायच्या पाटाएवढं काळं यंत्र. पावलं ठेवायच्या जागी रबराचे दाणे, दोन्ही बाजूंना ओढायच्या दोऱ्या, पुढच्या अंगाला लाल आकडे उजळणारी पट्टी, आणि टीव्हीला असतो तसा रिमोट. वर उभं राहायचं आणि बटण दाबायचं, की यंत्र हलतं आणि आपण हलतो. आपण काही करायचं नाही. व्यायाम यंत्र करतं.

"याले नव्व्याण्णव गिअर आहेत," मामा म्हणाले. "आपल्या ट्रॅक्टरले किती? आठ पुढं, दोन मांगं."

"मग याला रिव्हर्स?"

"कायले पाह्यजे? हे आधीच दोहीकडं जाते."

किंमत विचारली तेव्हा मामांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मामीला सांगितलेली किंमत चार हजार होती. शेजारच्यांना सांगितलेली चौदा. खरी मधे कुठंतरी असावी. मुलाला किती पडले ते मुलानं बापाला सांगितलं नव्हतं, आणि बापानं विचारलं नव्हतं.

कोणाची श्रद्धा देवावर असते, कोणाची डॉक्टरवर. मामांची मोटरवर आहे. ज्याला मोटर नाही ते औषध नव्हे, हा त्यांचा आयुर्वेद. टाचदुखीवर कोणीतरी लाकडी दाण्यांचं रूळ आणून दिलं, पायाखाली फिरवायचं. मामांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याची वायर कुठी आहे?" नंतर ते रूळ मामीनं पोळपाटाशेजारी ठेवलं, अजून तिथंच आहे. चुंबकाची गादी आली तेव्हा मामांनी ती पंधरा दिवस पाठीखाली घेतली, पण चुंबकाला आवाज नसतो. आवाज नसलेली गोष्ट चालू आहे हे ओळखायचं कसं? कमरेला बांधायचा थरथरणारा पट्टा आला, तो आवडला, पण त्याची मोटर जळाली. मामांनी ती रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानं हात जोडले. २१ जूनला शाळेच्या पटांगणात योगदिन झाला, सरपंचापासून सगळे आडवे झाले. मामा कडेला उभे राहून पाहत होते. परत येताना म्हणाले, "चांगलं आहे. पण सारं आपल्यालेच करा लागते."

हा आळस नव्हे, हे आधी सांगितलं पाहिजे. मामांइतकं अंग मोडून काम केलेला माणूस रिठदच्या शिवारात शोधावा लागेल. बत्तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. उन्हाळ्यात नांगरटी, पावसाळ्यात पेरणी, आणि दसऱ्यापासून हडंबा. दुसरीकडचे लोक याला मळणीयंत्र म्हणतात. पण मळणीयंत्र म्हटलं की सरकारी कागद डोळ्यांपुढे येतो, हडंबा म्हटलं की धूळ येते. आमच्याकडे सोयाबीन सगळ्यांचं एकाच वेळी निघतं. ढगही त्याच आठवड्यात येतात. गंजीवर ताडपत्री टाकून शेतकरी उभा, "मामा, आज माझं करा, उद्या पाणी येते." मग रात्रीचे दोन वाजेपर्यंत हडंबा. ट्रॅक्टरची सीट म्हणजे लोखंडी परात, तिच्यावर पोत्याची घडी. त्या घडीवर बत्तीस वर्षं.

साठी ओलांडल्यावर मामांची कंबर बोलायला लागली. वाशिमच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि सांगितलं, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे. दुसरा कोणी घाबरला असता. मामांचा चेहरा उजळला.

"गॅप म्हणजे टॅपेटचा असते तसा ना? मंग सेट करता येते."

डॉक्टर म्हणाले, तसा सेट होत नाही. सकाळी चाला, पोटावर झोपून हे दोन व्यायाम करा आणि ट्रॅक्टरवर बसणं बंद. यातलं शेवटचं पोरानं ऐकायला लावलं. ट्रॅक्टरवर पगारी ड्रायव्हर आला. चालणं मात्र जमलं नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्यानं रोज सकाळी फाट्यापर्यंत पायी जावं आणि काहीही न आणता परत यावं, हे मामांना गावात तोंड दाखवण्यासारखं वाटेना. लोक विचारत, "मामा, कुठी चालले?" कुठंच नाही, असं उत्तर कसं द्यायचं?

म्हणून यंत्र.

पहिल्याच आठवड्यात जो प्रकार झाला तो मी पाहिला नाही, मामीच्या तोंडून ऐकला. मागच्या गल्लीतली एक म्हातारी ताक मागायला आली. वय ऐंशीच्या पुढं, नजर अधू. बैठकीच्या उंबऱ्यात आली तर समोर मामा: डोळे मिटलेले, हात पुढे, सगळं अंग थरथरतंय, तोंडातून 'हं-हं-हं-हं'. म्हातारीनं आयुष्यात अशी माणसं पुष्कळ पाहिलेली. तिनं ताकाचा गडवा खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून बसली.

"बाबा, माही म्हैस कवा वितीन?"

मामांना वाटलं, म्हातारी सहज विचारते आहे. त्या म्हशीला मामांनीच दहा दिवसांपूर्वी पाहिलं होतं.

"पु-पु-पुनवेले," मामा म्हणाले.

म्हैस पुनवेच्या दोन दिवस आधी व्याली. वगार झाली. म्हातारीनं दोन दिवसांचा फरक मोठ्या मनानं सोडून दिला आणि व्यालेल्या म्हशीचा खरवस घेऊन आली. त्या दिवसापासून संध्याकाळी ओसरीवर चपला दिसायला लागल्या. एकाची बोअर लागेल का, एकीच्या नातवाला पोलीस भरतीत घेतील का. मामांनी घसा कोरडा करून सांगितलं, हे अंगात येणं नाही, मशीन आहे, ही पाहा वायर. लोकांनी वायर पाहिली. एक जण म्हणाला, "आता देवबी लायटीवर आला, काय करतं."

मामांनी मग गर्दी वळवली. प्रश्न बंद, उपचार सुरू. गुडघेवाले पंधराच्या गिअरवर, कंबरवाले वीसवर, वजनवाले तीसवर. मामा रिमोट घेऊन खुर्चीत. चढणाऱ्याला आधी चपला काढायला लावायचे, मग खिसे रिकामे करायला, कारण एकाच्या खिशातली चुन्याची डबी उघडली होती. ज्याला हृदयाचं यंत्र बसवलं आहे त्यानं चढायचं नाही, पोटुशी बाईनं चढायचं नाही, नुकतं ऑपरेशन झालेल्यानं चढायचं नाही: हे मुलानं फोनवर तीनदा बजावलेलं मामांनी खडूनं दारावर लिहून ठेवलं होतं. एक मुतखड्यावाला हटून बसला, हलवून खडा पाडा म्हणून. यादीत मुतखडा होता. मामांनी त्याला चढू दिलं नाही. मी त्याला सांगितलं की अमेरिकेत एका डॉक्टरनं मुतखडे घातलेली मूत्रपिंडाची नक्कल घेऊन जत्रेतल्यासारख्या वरखाली धावणाऱ्या झुकझुक गाडीत पुन्हापुन्हा चक्कर मारली, खडे खरंच सरकले आणि २०१८ मध्ये त्याला त्याबद्दल इग नोबेल नावाचं गमतीचं बक्षीसही मिळालं. मुतखड्यावाल्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ते गाडी लोणीच्या जत्रेत येते का?"

गावातला एक गवंडी आला. तो चढला नाही. बाजूनं फिरला, वाकून खाली पाहिलं, हात लावून पाहिला.

"मामा, हे तं आमचं व्हायब्रेटर आहे. स्लॅब टाकतानी घालतो ते."

"मंग?"

"मंग काय. माल बसते खाली. अंदरची हवा निघून जाते." आणि मामांकडे वर-खाली पाहत म्हणाला, "निघू द्या."

हे वाक्य गावभर गेलं. मामांचं वजन या सगळ्यात किती उतरलं विचाराल, तर पावशेरही नाही. पण पायजम्याची नाडी आता चार बोटं आत येते असं ते दाखवतात. मामी म्हणते, नाडी नवीन आहे.

मामी हे या घरातलं मोटर नसलेलं यंत्र. पहाटे पाचला सुरू होतं. वाकून झाडणं, उकिडवं बसून भांडी, डोक्यावर चारा, मांडीवर सूप. मामांनी पहिल्या दिवशीच मोठ्या मानानं तिला यंत्रावर बोलावलं होतं.

"मले कायले?" मामी म्हणाली. "चायनी हातात घेतली का माहं सारं आंग हालते. त्याले लाईट लागत नाई."

ती चढली नाही, पण यंत्र तिनं मामांच्या आधी ओळखलं. मामा दुपारी झोपले की ती तिखटाची बरणी त्यावर ठेवून पाचच्या गिअरवर दोन मिनिटं हलवते. तिखट खाली बसतं, वर अजून अर्धा किलो मावतं. रव्यातले खडे एका बाजूला येतात. एकदा म्हणे तिनं दही लावून पाहिलं. ते लागलं नाही.

दिवाळीनंतर मामांनी माझ्यावर कामगिरी सोपवली. वाशिमच्या डॉक्टरांना हे यंत्र दाखवायचं, तर हाती काही कागद हवा. "तुम्ही शिकेल माणसं. याचा इतिहास काढा." मी अकोल्याला परतलो आणि काढत बसलो. निघालं बरंच. पुढच्या खेपेला ओसरीवर बसून मामांना वाचून दाखवलं. मामा गंभीरपणे ऐकत होते, जमिनीचा फेरफार ऐकावा तसे.

स्वीडनमध्ये गुस्ताव झांडर नावाचा डॉक्टर होता. १८६५ साली त्यानं स्टॉकहोममध्ये यंत्रांचा दवाखाना काढला. रोग्यानं यंत्रात बसायचं, यंत्र हात हलवणार, पाय हलवणार, पाठ थोपटणार. पुढं ती यंत्रं देशोदेशी गेली.

"म्हणजे आपण पह्यले नाई," मामा जरा खट्टू झाले.

मग पॅरिसचा शार्को. मज्जातंतूंचा फार मोठा डॉक्टर. त्याच्याकडे हातपाय कापणारे रोगी यायचे, ज्याला आपण कंपवात म्हणतो ते. त्यांच्यातले काही सांगायचे, लांबचा आगगाडीचा प्रवास करून आलं की आम्हाला बरं वाटतं. निरोगी माणूस ज्या प्रवासानं मोडून जातो त्यानं हे ताजेतवाने! शार्कोनं मग गाडीसारखी थरथरणारी खुर्ची करवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्यावर व्याख्यान दिलं.

मामांनी मांडीवर थाप मारली. "वाशिमची छोटी लाइन! पूर्णा ते अकोला. माणूस बसला का उतरेलोक दाळ होऊन जाये. २००८ साली लाइन मोठी केली अन् हालणं बंद. तवापासून पाहा, गावोगाव कंपवात."

मी म्हटलं, मामा, ते तसं नाही. २०१२ मध्ये काही डॉक्टरांनी शार्कोचा प्रयोग पुन्हा करून पाहिला. काही रोगी हलणाऱ्या खुर्चीत, काही न हलणाऱ्या खुर्चीत, कानावर छान आवाज. बरं दोघांनाही सारखंच वाटलं.

"मंग आवाजानं झालं."

"किंवा बसल्यानं."

"बसून बरं वाटते हे सांगाले डॉक्टर कायले पाह्यजे," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली. "आमाले कोनी बसूच देत नाई."

अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष होता, कूलिज. १९२० च्या दशकात त्यानं थेट व्हाइट हाउसमध्ये विजेवर चालणारा घोडा ठेवला होता. रोज त्याच्यावर बसायचा. टायटॅनिक बोटीवर तर १९१२ मध्ये व्यायामशाळेत विजेचा घोडा होता आणि विजेचा उंटही होता. इथं मामांनी मला थांबवलं. बोट, बर्फ, बुडणं यांतलं काही त्यांना ऐकायचं नव्हतं. त्यांना उंट हवा होता. किती अश्वशक्तीचा, वर चढायचं कसं, पन्नास किलोच्या माणसालाही तेवढाच हलवतो का. मला माहीत नव्हतं. मामांनी माझ्या शिक्षणाविषयीचं मत त्या दिवशी थोडं खाली आणलं.

खरी मजा मेंढ्यांनी आणली. २००१ साली अमेरिकेत क्लिंटन रुबिन आणि त्याच्या मंडळींनी मेंढ्यांचे मागचे पाय रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, वर्षभर हलत्या फळीवर उभे केले. फळी सेकंदाला ३० वेळा हलायची, तीही इतकी हळुवार की मेंढीला कळलंही नसेल. वर्षाअखेर मांडीच्या हाडाच्या आतली जाळीदार बाजू ३४ टक्के घट्ट झाली. अवकाशात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांची हाडं झिजतात, त्यांच्यासाठीही हे बघू म्हणून पुष्कळांचे कान टवकारले.

"पाहा!" मामा उठून उभे राहिले.

"पण पुढं कॅनडात टोरोंटोला २०२ बायकांवर वर्षभर हेच केलं. पाळी गेलेल्या बायका. २०११ साली निकाल आला. हाडांत फरक नाही."

मामा बसले. बराच वेळ अंगणात पाहत राहिले. अंगणापलीकडून धनगराची मेंढरं चालली होती, घंटा वाजवत, एकमेकांच्या अंगावर घसटत.

"म्हणजे आधी मेंढरू व्हा लागते," मामा म्हणाले.

पण मामांचा खरा हात मला त्यानंतर दिसला. मी सांगत होतो की हे यंत्र स्नायूला कसं फसवतं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, मेंदूला विचारायला थांबत नाही. स्नायू झटक्यानं ताणला की तो झटक्यानं आखडतो. यंत्र हीच हातोडी सेकंदाला पंचवीस-तीस वेळा मारतं. म्हाताऱ्या माणसांना याचा थोडा फायदा होतो असं काही ठिकाणी दिसलंय: पायांत जरा जोर येतो, तोल सुधारतो. पण त्यांतले बरेच यंत्रावर नुसते उभे नसतात, उठाबशा काढत असतात.

मामांनी उठाबशा ऐकल्याच नाहीत. ते बोटांवर हिशेब करत होते.

"सेकंदाले तीस. गुणिले साठ. अठराशे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अठराशे आरपीएम! भाचे, एवढ्यात तं ट्रॅक्टर हडंबा वढते!"

मी थक्क झालो. इतके दिवस मी हर्ट्झ, हर्ट्झ करत होतो आणि त्याचं मराठी इथं ओसरीवर तयार होतं. मग मी धीर करून तो कागद काढला जो दाखवायचा की नाही याचा विचार करत होतो. त्यात ट्रॅक्टरच होता. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त उसळतं. त्याच्यावर गेलं तर कमी, खाली गेलं तर कमी. आणि ढेकळांतून चाललेल्या ट्रॅक्टरची सीट नेमकी त्याच्याच आसपास हलते. यंत्रावर माणूस उभा असतो, गुडघे वाकलेले, धक्का गुडघेच खाऊन टाकतात, आणि काम दहा मिनिटांचं. ट्रॅक्टरवर माणूस बसलेला, धक्का थेट मणक्यात, आणि काम दहा तासांचं.

वाटलं, मामांना हे समजावून सांगावं लागेल. मामा मान हलवत होते.

"ट्रॉली अशीच असते. रिकामी ट्रॉली एका स्पीडले उड्या मारते. त्याच्यापेक्षा जोरात घ्या, बसते. हळू घ्या, बसते. तेवढी एक स्पीड वाईट." थोडं थांबून म्हणाले, "आपली तेवढीच होती. दुसऱ्या गिअरची."

मी सांगितलं, युरोपात २००२ मध्ये यावर कायदाच केलाय. आठ तासांच्या कामात माणसाला किती हादरा बसला तर चालेल, त्याला आकडा लावलाय. ०.५ च्या वर गेला की मालकानं उपाय करायचा, १.१५ च्या वर न्यायचाच नाही.

"०.५ कायचं?"

"मीटर, भागिले सेकंदाचा वर्ग."

"आपलं किती झालं असंन?"

"कोणी मोजलं नाही, मामा. मालकही तुम्ही, ड्रायव्हरही तुम्ही."

"मंग उपाय म्याच करा पाह्यजे होता," मामा म्हणाले. "पोत्याची घडी एक जास्त टाकली असती."

डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. मामांनी यंत्राचा फोटो दाखवला, मेंढ्या सांगितल्या, टोरोंटो गाळलं. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, दहा मिनिटांच्या वर नको, कमी गिअरवर, गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, ताठ ठेवले की हादरा डोक्यापर्यंत जातो. कंबर दुखली की लगेच बंद. आणि याच्या जोडीला चालायचं. चालण्याला पर्याय नाही. बाहेर आल्यावर मामांनी पानटपरीवर उभ्या असलेल्या रिठदच्याच माणसाला सांगितलं, "डॉक्टर म्हणे, चालू ठेवा." ही अक्षरशः खोटी गोष्ट नव्हती.

एवढं असून मामा आता दुपारी चढत नाहीत, सकाळी चढत नाहीत. लोकांचं आटोपलं की रात्री जेवणानंतर चढतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कारण मामीनं सांगितलं. ट्रॅक्टर सुटल्यापासून यांना झोप नव्हती. हडंब्याच्या दिवसांत रात्री येऊन पडायचे तर अंग खाटेवर सुद्धा हलत राहायचं, आणि त्यातच डोळा लागायचा. बत्तीस वर्षांत तीच सवय झाली. ड्रायव्हर ठेवल्यावर खाट निजली, हे जागे. मध्यरात्री उठून उभ्या ट्रॅक्टरवर जाऊन बसायचे. एकदा चालू पण केला, गल्ली उठली. "तवा म्याच पोराले फोन केला," मामी म्हणाली. "म्हटलं, तुह्या बापाले हालाचं काहीतरी पाठव."

परवा गेलो होतो, सोयाबीनच्या हंगामात. रात्री जेवणं झाली. मामांनी रिमोट हातात घेतला आणि आपण न चढता मला म्हणाले, "चढा." मी आजवर टाळत आलो होतो. त्या दिवशी सुटका नव्हती. चपला काढल्या, खिसे रिकामे केले, चष्मा मामीच्या हातात दिला.

"गुडघे वाकवा. अजून. क्लच अर्धा दाबतो तेवढे."

पंधराचा गिअर. पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटलं. नाक खाजायला लागलं. दात एकमेकांना भेटायला लागले. काही बोलावं म्हटलं तर आवाजाची चाळणी होऊन बाहेर येत होती. मामा खुर्चीत पुढं वाकून माझ्या गुडघ्यांकडे पाहत होते, नव्या ड्रायव्हरकडे पाहावं तसे. वीस. पंचवीस. टिपॉयवरचा पाण्याचा तांब्या सरकत कडेला आला, मामीनं उचलला.

आणि लाईट गेली.

घरघर एकदम तुटली. बैठक, ओसरी, गल्ली, सगळं गाव काळं. मी गुडघे वाकवून तसाच उभा. यंत्र थांबलं होतं, पण पाय थांबले नव्हते, हाडांच्या आत अजून बारीक काहीतरी चाललेलं होतं.

"उतरू नका," अंधारातून मामा म्हणाले. "सिंगल फेज येईनच आता."

मामी काड्यापेटी शोधायला गेली. ती गेल्यावर शांततेत शिवाराकडून आवाज ऐकू आला, लांबून, एकसारखा. कोणाची तरी गंजी निघत होती. मामांचाच हडंबा असावा, ड्रायव्हर जेवायला आला नव्हता. मामा गप्प झाले. खुर्ची कुरकुरली, ते उठून दाराशी गेले असावेत.

"सतराशेवर आहे," ते म्हणाले. मग आणखी थोडं ऐकून, "बेल्ट ढिला सोडला लेकानं."